इंदिरा देवी (कूचबिहार)

महाराणी इंदिरा देवी, माहेरच्या इंदिराराजे गायकवाड (१९ फेब्रुवारी, १८९२ : बडोदा - ६ सप्टेंबर, १९६८ : मुंबई), या कूचबिहार संस्थानाच्या महाराणी होत्या. तिसरे सयाजीराव गायकवाड आणि दुसऱ्या चिमणाबाई यांच्या त्या कन्या. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेला विवाह त्यांनी १९११ साली स्वतः पत्र लिहून मोडला. १९१३मध्ये लंडनला, आईवडिलांच्या अनुपस्थितीत, त्यांनी कूचबिहारच्या जितेंद्र नारायण यांच्याशी विवाह केला.

१९२२ साली पतीचे निधन झाले. तिशीतल्या, पाच मुलांची आई असलेल्या इंदिरा देवींनी १९३६पर्यंत अल्पवयीन पुत्राच्या वतीने कारभार पाहिला. मात्र वैधव्यात त्यांनी समाजजीवनाकडे पाठ फिरवली नाही. तत्कालीन सरंजामी समाजात हे धाडसच होते. कोलकात्याच्या हिवाळी हंगामात, म्हणजे व्हाइसरॉय कपची घोडदौड, पोलो आणि मेजवान्यांच्या दिवसांत, कूचबिहारचा 'वुडलँड्स' बंगला पाहुण्यांनी गजबजलेला असे. युरोपात शिकार आणि जुगाराचाही त्यांना शौक होता. साडीच्या पन्ह्याचे फ्रेंच शिफॉन विणवून घेऊन ती साडी उच्चभ्रू वर्गात रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. इटलीतील पादत्राणकार साल्वातोरे फेरागामो यांच्याकडे स्वतःचे हिरे-मोती पाठवून त्यांनी जोडे करवून घेतले होते.

जयपूरच्या महाराणी गायत्री देवी या त्यांच्या कन्या होत.