लेमानबाईंचा कमावलेला गळा

गळा ही दैवी देणगी, ती आहे तोवर गावे आणि सरली की थांबावे, ही समजूत सर्वत्र रूढ आहे. ऑपेराच्या रंगभूमीवर तर ती विशेषच खरी वाटते. तेथे आपल्या संगीत नाटकासारखी गद्याची विश्रांती क्वचितच मिळते. ध्वनिवर्धकावाचून, मोठ्या वाद्यवृंदाला ओलांडून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यावा लागतो. या ओझ्याखाली कितीतरी चांगले गळे अकाली खचले. जर्मन गायिका लिली लेमान यांचे चरित्र मात्र वेगळीच साक्ष देते.

१८४८ साली व्युर्त्सबुर्ग येथे जन्मलेल्या लिलीच्या पहिल्या गुरू म्हणजे तिच्या मातोश्री. त्या स्वतः ऑपेरात गाजलेल्या होत्या. पुढे प्राग येथील नाटकगृहात हार्प वाजवून त्यांनी दोन मुली वाढविल्या आणि दोघींनाही गाणे शिकविले. १८६५ मध्ये प्रागलाच मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’मधील एका लहानशा भूमिकेने लिलीचा रंगमंचावर प्रवेश झाला. पाच वर्षांत ती बर्लिनच्या राजेशाही ऑपेरात पोहोचली. आवाज हलका, चपळ, तानेला अनुकूल; भूमिकाही त्याच जातीच्या मिळत. १८७६ मध्ये बायरॉइटला वाग्नरचे ‘रिंग’ प्रथमच संपूर्ण सादर झाले, तेव्हा यंत्रावर तरंगत गाणाऱ्या ऱ्हाइनकन्यांपैकी दोघी या लेमान भगिनी होत्या.

बर्लिनने तहहयात नेमणूक दिली. सुरक्षित, मानाची, आणि तितकीच बंदिस्त. लेमानबाईंना भारदस्त भूमिका हव्या होत्या. १८८५ मध्ये रजा घेऊन त्या न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात दाखल झाल्या. २५ नोव्हेंबरला ‘कार्मेन’ आणि अवघ्या पाच दिवसांनी ‘वाल्क्यूर’मधील ब्रुनहिल्ड! पुढच्याच वर्षी अमेरिकेतील पहिली इझोल्ड त्यांनीच गायिली. रजा संपली तरी त्या परतल्या नाहीत. परिणामी दंड झाला आणि जर्मनीतील नाटकगृहांची दारे काही वर्षे बंद झाली. करारभंग तो करारभंगच, त्याचे मंडन करण्याचे कारण नाही. परंतु बर्लिनची शिस्त पाळली असती तर त्यांच्यातील थोर गायिका जगाला दिसली असती काय, हा प्रश्न उरतोच. बंदी उठली, आणि १८९६ मध्ये बायरॉइटने त्यांना बोलाविले ते ब्रुनहिल्डसाठी. वीस वर्षांपूर्वीची ऱ्हाइनकन्या आता नायिका झाली होती.

हे स्थित्यंतर साधले कसे? हलका गळा जड भूमिकांना जुंपला की तो बहुधा फाटतो. लेमानबाईंनी जड भूमिका घेतल्या, पण हलक्या सोडल्या नाहीत. एकेक स्वर सावकाश लावून, श्वास न हिसकता पुढच्या स्वराकडे जाणारी संथ सप्तकसाधना हा त्यांचा नित्यनेम होता; आपल्याकडील खर्जाच्या मेहनतीशी तिचे नाते सहज ओळखू येते. बेलिनीची एकटी नॉर्मा वाग्नरच्या तिन्ही ब्रुनहिल्डांहून अधिक दमविते, असे त्यांचे मत होते. नुसता जोर तेथे उपयोगी पडत नाही.

हीच साधना त्यांनी १९०२ साली गानकलेवरील ग्रंथात मांडली. नाद मस्तकात, टाळूत कोठे जाणवतो याच्या आकृत्या त्यात आहेत. शरीरशास्त्राच्या कसोटीला त्यातील सारेच उतरत नाही, कारण जाणीव आणि स्वरोत्पत्तीची क्रिया या दोन निराळ्या गोष्टी होत. तथापि गाणारीने स्वतःच्या गळ्याची इतकी बारकाईने घेतलेली झडती विरळाच. ऑलिव्ह फ्रेमस्टाड, जेराल्डिन फॅरार या त्यांच्या शिष्या पुढे अमेरिकेत गाजल्या. आत्मचरित्र १९१३ मध्ये आले. साल्झबुर्गच्या मोझार्ट-उत्सवांसाठी त्या झटल्या आणि तेथे शिकवीतही राहिल्या. एकूण १७० भूमिका त्यांनी केल्याची नोंद आहे.

१७ मे १९२९ रोजी बर्लिन येथे त्यांचे निधन झाले. ध्वनिमुद्रणाच्या भोंग्यासमोर त्या उभ्या राहिल्या तेव्हा साठीला आल्या होत्या. १९०६-०७ च्या त्या तबकड्यांत खरखर पुष्कळ आहे, आवाजाचा पिसाराही मुद्रणात आखडला आहे. पण नॉर्माची प्रार्थना आहे, मोझार्टच्या अवघड ताना आहेत, आणि त्या ताना स्वच्छ ऐकू येतात.