परळच्या प्रयोगशाळेतील डॉ. लुसी विल्स

आपल्या वसतिगृहात आठवड्यातून एकदा मुलामुलींना निळी गोळी दिली जाते. ती गिळताना तोंड वाकडे न करणारा विद्यार्थी आम्ही अजून पाहिलेला नाही. घरी लेक वा सून गरोदर असेल, तर पालकांनी याच औषधाची लाल गोळी पाहिली असेल. या गोळीत लोहासोबत फॉलिक ॲसिड असते. त्या घटकाच्या शोधाची वाट मुंबईतील परळमधून जाते, आणि ती वाट प्रथम चालल्या त्या डॉ. लुसी विल्स. इतिहास शिकताना आम्हाला परळच्या गिरण्या भेटल्या, संप भेटले, चाळी भेटल्या; ही विदुषी मात्र फार उशिरा भेटली.

लुसी विल्स यांचा जन्म १८८८ साली इंग्लंडमध्ये झाला. केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात त्यांनी वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्राचा अभ्यास केला आणि १९११ मध्ये परीक्षा दिल्या. परंतु पदवी मिळाली नाही. कारण एवढेच, की त्या स्त्री होत्या. स्त्रियांना पूर्ण पदवी देण्यास त्या विद्यापीठाला १९४८ साल उजाडावे लागले. पहिल्या महायुद्धाच्या काळात केपटाऊन येथे त्यांनी काही काळ रुग्णसेवा केली. पुढे लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय विद्यालयातून १९२० मध्ये त्या डॉक्टर झाल्या; मात्र दवाखाना न थाटता त्यांनी रॉयल फ्री रुग्णालयात संशोधन पत्करले.

त्या काळी मुंबईत गरोदर स्त्रियांना एक विलक्षण पंडुरोग होत असे. रक्तातील तांबड्या पेशी संख्येने घटत आणि आकाराने मोठ्या होत. प्रसूतीच्या सुमारास कित्येक माता दगावत. भारतातील वैद्यकीय सेवेत असलेल्या डॉ. मार्गारेट बॅल्फोर यांच्या निमंत्रणावरून विल्स १९२८ मध्ये मुंबईत आल्या आणि मातामृत्यूंच्या चौकशीचा भाग म्हणून परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या.

त्यांनी आधी जंतू शोधले. ते सापडले नाहीत. मग त्यांनी जो प्रश्न विचारला, तो आम्हाला त्यांच्या साऱ्या कार्यात मोलाचा वाटतो. ही बाई जेवते काय? निरनिराळ्या समाजांतील व आर्थिक स्तरांतील स्त्रियांच्या आहाराची त्यांनी पाहणी केली. ज्यांचे अन्न सर्वांत निकृष्ट, त्या गरीब मुस्लिम स्त्रियांमध्ये हा आजार अधिक आढळला. रोगाचे मूळ बाईच्या दैवात नसून तिच्या ताटात आहे, हे त्यातून उघड झाले. त्याच १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतीलाभाच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला होता. १९२९ मध्ये तो कायदा झाला. शहर एकच, आणि प्रश्नही त्याच श्रमणाऱ्या मातांचा.

पुढचे काम सरळ झाले नाही. १९२९ मध्ये कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी उंदरांना मुंबईच्या गरीब स्त्रियांसारखा आहार दिला. उंदीर आजारी पडले, यीस्टने रोग टळलाही. पण उवांमुळे होणाऱ्या संसर्गाने ते निष्कर्ष डागाळले. विल्स यांनी हे प्रयोग माकडांवर नव्याने केले. मार्माइट हा मद्यनिर्मितीत उरणाऱ्या यीस्टचा स्वस्त अर्क. तो दिल्यावर माकडांचे रक्त सुधारले आणि रुग्ण स्त्रियाही बऱ्या झाल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केले. यकृताच्या कच्च्या अर्कानेही गुण येई, शुद्ध केलेल्या अर्काने येत नसे. म्हणजे हा घटक तोवर ज्ञात असलेल्या औषधाहून वेगळा होता. काही काळ त्याला ‘विल्स घटक’ असेच म्हणत.

१९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून तो घटक वेगळा करण्यात आला आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले. १९४५ मध्ये तो प्रयोगशाळेत तयार झाला. त्या संशोधनाचे नेतृत्व आपल्याच देशातील येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते. नवे नाव रूढ झाले आणि विल्स यांचे नाव मागे पडले.

त्या मात्र थांबल्या नाहीत. १९४७ मध्ये निवृत्त झाल्यावरही जमैका, फिजी आणि दक्षिण आफ्रिकेत जाऊन पोषण व पंडुरोगाचे निरीक्षण त्यांनी चालूच ठेवले. लंडनमध्ये मजूर पक्षातर्फे त्या चेल्सीच्या नगरसेविकाही झाल्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.