Explained : बायोलॉजिक औषधाचा बॅच नंबर का जपायचा? एका बाटलीमुळे मुंबई सोडावी लागलेल्या हाफकिन यांची कहाणी

क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी अंधेरी, घाटकोपर, मुलुंडमध्ये बायोलॉजिक इंजेक्शन घेणारे अनेक रुग्ण आहेत. सीआरपी, शौचातील कॅल्प्रोटेक्टिन, रक्तातील औषधाची पातळी आणि त्याविरुद्धच्या अँटिबॉडी पाहून डॉक्टर पुढचा डोस ठरवतात. मात्र फाइलमध्ये बॅच नंबरही असायला हवा. ही औषधे सजीव पेशींपासून बनतात, त्यामुळे गडबड झाल्यास नेमकी कुपी शोधता यावी लागते.

सजीवांपासून बनलेल्या अशाच एका औषधाने वाल्देमार हाफकिन यांना नाव दिले आणि बदनामीही.

१८६० साली ओडेसात जन्मलेले हाफकिन प्लेगची साथ आल्यावर १८९६ मध्ये मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या छोट्याशा जागेत एक कारकून आणि तीन शिपाई, एवढाच त्यांचा ताफा. मटणाच्या रश्श्यासारख्या द्रवावर ते चक्क तुपाचे थेंब सोडत. त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू खाली लोंबत वाढायचे. मग उष्णता देऊन ते मारले की लस तयार.

डोस किती द्यायचा? तेव्हा रक्ततपासणी नव्हती. ताप किती चढतो, हेच मोजमाप. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी स्वतः १० मिली लस टोचून घेतली, म्हणजे पुढे इतरांना दिलेल्या डोसच्या तिपटीहून जास्त! नंतर भायखळा तुरुंगात लस घेतलेले आणि न घेतलेले कैदी यांची तुलना झाली. लस घेतलेल्यांमध्ये प्लेग कमी आढळला.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस दिली गेली. त्यातले १९ जण धनुर्वाताने दगावले. नोंदी तपासल्या तर हे १९ जण एकाच बाटलीतून लस घेतलेले निघाले. चौकशी आयोगाने ठपका परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांना पद सोडावे लागले.

पण बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, असे पुढे आले. रोनाल्ड रॉस यांच्यासह काही शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये हाफकिन यांची बाजू लावून धरली. अखेर सरकारने त्यांना दोषमुक्त केले, नोकरी मात्र कोलकात्यात दिली. परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले ते १९२५ मध्ये. त्यानंतर पाच वर्षांनी लोझानमध्ये त्यांचे निधन झाले.