मेलबर्नचा मानकरी : नेव्हिल डिसूझा

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला परभणी जिल्हा हैदराबाद राज्यातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबरला, ऑलिंपिक स्पर्धेत भारताचा फुटबॉल संघ मेलबर्न येथे यजमान ऑस्ट्रेलियाशी खेळत होता. संघाचे मार्गदर्शक सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे, तर त्या दिवशी तीन गोल करणारा आघाडीचा खेळाडू मुंबईचा. ते खेळाडू म्हणजे नेव्हिल डिसूझा.

नेव्हिल यांचा जन्म १९३२ साली गोव्यात, बारदेश तालुक्यातील आसगाव येथे झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते. मुंबईत टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळताना त्यांचे नाव झाले. त्या काळी फुटबॉलवर कुणाचे घर चालत नसे. कंपन्या खेळाडूंना नोकरी देत आणि आपल्या संघातून खेळवीत. दिवसा कचेरी आणि संध्याकाळी मैदान, असा तो जमाना होता.

मेलबर्नला जाणाऱ्या संघाकडून फारशी आशा कुणालाच नव्हती. चारच वर्षांपूर्वी हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने आपला १०-१ असा पराभव केला होता, आणि आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळले होते. मेलबर्नला पहिल्या फेरीतील प्रतिस्पर्धी हंगेरीने माघार घेतल्याने भारत न खेळताच पुढे गेला. नशिबाने तारले, असे कुणी म्हटले असते तर ते खोटे नव्हते.

त्याला उत्तर नेव्हिल यांनी पायाने दिले. त्यांनी पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियाने बरोबरी साधली. त्यांनी दुसरा केला. पुन्हा बरोबरी झाली. उत्तरार्धात त्यांनी तिसरा केला, आणि मग मात्र ऑस्ट्रेलियाला सावरता आले नाही. कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू यांनी चौथा गोल केला आणि भारत ४-२ ने जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलच्या एका सामन्यात तीन गोल करणारे नेव्हिल हे पहिले आशियाई खेळाडू ठरले.

उपांत्य सामन्यात गाठ पुन्हा युगोस्लाव्हियाशी पडली. तेथेही पहिला गोल नेव्हिल यांचाच! काही क्षण भारत आघाडीवर होता. पण शेवटी ४-१ अशी हार पत्करावी लागली. पुढे कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० ने हरविले. नेव्हिल यांचे एकूण गोल चार झाले. स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत त्यांचे नाव लागले. भारत मात्र चौथा आला.

त्याच मेलबर्नला आपल्या हॉकी संघाने सुवर्णपदक मिळविले, आणि फुटबॉलचा चौथा क्रमांक त्या झळाळीत दिसेनासा झाला. रोमच्या १९६० च्या संघात नेव्हिल नव्हते. १९६१ साली सुरू झालेला अर्जुन पुरस्कारही त्यांच्या वाट्याला आला नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. ज्या देशासाठी ते खेळले, त्या देशात त्यांचे जन्मगाव पाच वर्षांनी आले. १९८० साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आपल्या स्नेहसंमेलनात पहिल्या तिघांना बक्षिसे मिळतात. चौथा खाली बसून टाळ्या वाजवतो. दुसऱ्या दिवशी त्याचे नाव कुणाच्या ध्यानात नसते. पण मेलबर्ननंतर ऑलिंपिक फुटबॉलमध्ये भारताला तो चौथा क्रमांकही पुन्हा गाठता आलेला नाही. मित्रहो, पदकाविना परतलेला माणूस रिकाम्या हातांनी परतला असे समजू नये, एवढे नेव्हिल डिसूझा यांच्याकडून आपण शिकलो तरी पुष्कळ झाले.