विश्लेषण : यंत्र आहे हे ठाऊक असूनही आपण चॅटबॉटजवळ मन मोकळे का करतो?

घरातले भांडण, नोकरीचा ताण, ब्रेकअप... रात्री उशिरा हे सगळे चॅटबॉटला सांगणारे आज कमी नाहीत. माणूस असे करतो, हे जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६०च्या दशकातच पाहिले आणि ते अस्वस्थ झाले.

कोण होते वायझेनबॉम?

८ जानेवारी १९२३ रोजी बर्लिनमध्ये ज्यू कुटुंबात जन्म. नाझी राजवटीमुळे १९३६ मध्ये कुटुंब जर्मनी सोडून अमेरिकेत गेले. डेट्रॉइटमध्ये त्यांनी गणित शिकले, पुढे जनरल इलेक्ट्रिकमध्ये बँकेचे चेक हाताळणाऱ्या संगणकावर काम केले आणि मग एमआयटीत प्राध्यापक झाले.

‘एलायझा’ काय होती?

माणूस टाइप करणार आणि संगणक उत्तर देणार, असा त्यांचा प्रोग्रॅम. त्यावरचा शोधनिबंध १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. नाव शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’च्या नायिकेचे, पुलंची ‘ती फुलराणी’ याच नाटकावर बेतलेली.

एलायझा मानसोपचारतज्ज्ञाची भूमिका करायची. युक्ती साधी होती. वाक्यातला ओळखीचा शब्द शोधायचा, ‘माझे’चे ‘तुमचे’ करायचे आणि तेच वाक्य प्रश्न बनवून परत द्यायचे. आईचा उल्लेख आला की घरच्यांबद्दल विचारायचे. काहीच सापडले नाही, तर पुढे बोलायला सांगायचे. अर्थ तिला शून्य कळत होता. आज इंजिनीअरिंगचा विद्यार्थीही असे काही एका संध्याकाळी लिहील.

मग खटकले कुठे?

त्यांच्या सेक्रेटरीने हा प्रोग्रॅम कित्येक महिने आकार घेताना पाहिला होता. तरीही एलायझाशी चार वाक्ये होताच तिने त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले! संभाषणे तपासता येतील अशी सोय करण्याचे त्यांनी सुचवले, तेव्हा खासगी गोष्टींत डोकावल्याचा आरोप झाला. काही मानसोपचारतज्ज्ञांना तर यातून खरेच उपचार करता येतील असे वाटले. त्यांना याचाही धक्का बसला.

इथे कोणीही फसवले गेले नव्हते, हे महत्त्वाचे. त्यामुळे ‘मी एआय आहे’ अशी सूचना स्क्रीनवर दाखवली की काम झाले, हा आजचा समज भाबडाच.

१९७६ मध्ये ‘कॉम्प्युटर पॉवर अँड ह्यूमन रीझन’ या पुस्तकात त्यांनी भूमिका मांडली : एखादे काम यंत्राला जमले, तरी ते त्याच्याकडे सोपवावेच असे नाही. एआय क्षेत्रातूनच त्यावर बोचरी टीका झाली. १९९६ मध्ये ते बर्लिनला परतले. ५ मार्च २००८ रोजी त्यांचे निधन झाले. चॅटजीपीटी यायला तेव्हा १४ वर्षे बाकी होती.