शिष्यवृत्तीची वाट दाखवणारे गुरुजी

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव घेताच त्यांच्या पदव्या आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. मला मात्र त्याआधी एका शिक्षकाची आठवण होते. ते म्हणजे कृष्णराव अर्जुन केळुसकर.

१८६० साली जन्मलेले केळुसकर मुंबईत शिक्षक होते. शिवछत्रपतींचे व गौतम बुद्धांचे चरित्रकार म्हणून त्यांचा लौकिक होता. संध्याकाळी ते चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसत. शाळकरी भीमरावही तिथे पुस्तक घेऊन येई. गुरुजींनी त्याची चौकशी केली, काय वाचावे ते सांगितले, पुस्तके दिली. भीमराव मॅट्रिक झाला, तेव्हा सत्कारसभेत त्यांनी आपले बुद्धचरित्र त्याला भेट दिले.

एल्फिन्स्टन कॉलेजात इंटर झाल्यावर वडिलांजवळचा पैसा संपला. शिक्षण थांबणार! होतकरू अस्पृश्य विद्यार्थ्यास मदत करण्याची तयारी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी पूर्वी जाहीर केली होती. केळुसकरांनी ते ध्यानात ठेवले होते. ते भीमरावाला महाराजांकडे घेऊन गेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. पुढे १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले.

केळुसकर १९३४ साली वारले. महाराजांचे औदार्य होते, भीमरावांची बुद्धी होती. पण दोघांची गाठ घालून देणारा नसता तर? खेड्यातली कितीतरी मुले अर्जाची मुदत टळल्यावर शिष्यवृत्तीचे नाव ऐकतात. मित्रहो, आपापल्या गावच्या शाळेतील एका तरी मुलाला ती बातमी वेळेवर सांगणे आपल्या हाती खचितच आहे.