औंधचे पंडित सातवळेकर आणि नोट्समधून बनलेली माझी वेबसाइट

गेल्या वर्षी मी वापरत असलेलं नोट्सचं एक ॲप बंद झालं. एक्स्पोर्ट केलेली फाईल दुसऱ्या कुठल्याच ॲपमध्ये नीट उघडेना. तीन वर्षांच्या नोंदी गेल्या, त्यात माझ्या आजोळची, म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या औंधची माहितीही होती. ती पुन्हा लिहायला बसलो आणि पहिलंच नाव आलं पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचं. त्यांचं आयुष्य लिहिता लिहिता वेबसाइट कशी करायची तेही कळलं, म्हणून आज दोन्ही एकत्र सांगतो.

सातवळेकरांचा जन्म 1867 चा, सावंतवाडीजवळच्या कोलगावचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते चित्रकला शिकले आणि पुढे हैदराबादला चित्रकार म्हणून काम करू लागले. तिथेच वेदांचा अभ्यास वाढला. 1908 मध्ये कोल्हापूरच्या विश्ववृत्त मासिकात वैदिक प्रार्थनांवरचा त्यांचा लेख आला आणि इंग्रज सरकारला त्यात राजद्रोह दिसला. संपादक विजापूरकरांना तुरुंगवास झाला. सातवळेकरांनाही अटक झाली, खटला चालला, पण ते सुटले. मग काही वर्षं त्यांनी लाहोरला फोटो स्टुडिओ चालवला.

1918 मध्ये ते औंधला आले. इथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांच्या आश्रयाने सातवळेकरांनी स्वाध्याय मंडळ उभं केलं. दुसऱ्याच्या छापखान्यावर अवलंबून न राहता स्वतःचं भारत मुद्रणालयही चालवलं. हिंदीत वैदिक धर्म, मराठीत पुरुषार्थ ही मासिकं, घरबसल्या संस्कृत शिकवणारे धडे आणि वेदांच्या संहिता, हे सगळं औंधमध्ये छापलं गेलं. गावात रेल्वे स्टेशनसुद्धा नाही, पण पुस्तकं देशभर पोहोचली.

स्टॅटिक वेबसाइट म्हणजे जवळपास हेच. पान एकदाच तयार होतं आणि प्रत्येक वाचकाला तेच मिळतं. दर वेळी डेटाबेसमधून नव्याने पान जुळवावं लागत नाही, त्यामुळे कमी नेटवर्कमध्येही साइट पटकन उघडते.

मी काय केलं ते थोडक्यात:

1. नोट्स ऑब्सिडियन ॲपमध्ये लिहिल्या. ते प्रत्येक नोट साध्या मार्कडाउन फाईलमध्ये आपल्याच फोनवर ठेवतं. उद्या ॲप गेलं तरी फाईल कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते.
2. प्रत्येक नोटच्या वर शीर्षक आणि तारीख टाकली.
3. सेटिंगमध्ये विकिलिंक्स बंद केल्या. ऑब्सिडियनच्या दुहेरी चौकटी कंसातल्या लिंक ह्युगोला थेट कळत नाहीत.
4. ह्युगो हा माझा छापखाना. तो नोट्स आणि थीम घेऊन एचटीएमएल पानं बनवतो.
5. ही पानं गिटहब पेजेसवर ठेवली. पब्लिक रिपॉझिटरी असेल तर पैसे लागत नाहीत.

एक काळजी मात्र घ्या. सगळ्या नोट्स अपलोड करू नका. प्रकाशित करायच्या नोट्सचं वेगळं फोल्डर ठेवा, नाहीतर पासवर्ड आणि घरचे हिशोबही जगासमोर जातील.

आता सातवळेकरांच्या आयुष्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट. 1948 हे वर्ष उलथापालथीचं होतं. गांधीहत्येनंतर सातारा भागात जाळपोळ झाली, औंध संस्थानही विलीन झालं. त्याच वर्षी, वयाच्या 80 व्या वर्षी, त्यांनी औंध सोडलं आणि आजच्या गुजरातमधल्या पारडीला स्वाध्याय मंडळ पुन्हा उभं केलं. तीस वर्षांचं बस्तान हललं, पण काम थांबलं नाही, कारण मजकूर त्यांचा होता आणि छापायची विद्याही त्यांची होती. 1968 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं आणि त्याच वर्षी 31 जुलैला, वयाची शंभरी पूर्ण करून, ते गेले. औंधमध्ये छापलेल्या त्यांच्या वेदसंहिता अभ्यासक आजही वापरतात.

आपल्यावर एवढी वेळ येणार नाही, पण ॲप बंद पडणं, होस्टिंग बदलणं हे होणारच. म्हणून आज एकच करा: तुमचं नोट्सचं ॲप उघडा, एक नोट एक्स्पोर्ट करा आणि ती दुसऱ्या ॲपमध्ये नीट उघडते का ते बघा. उघडत नसेल, तर बाकीच्या नोट्स आत्ताच हलवायला घ्या.